वारंवार होणारी विसरभूल: लक्ष कुठे तुटते ते शोधून तिथेच सवय कशी बसवावी

गेल्या वर्षी जुलै महिन्यात, सकाळी साडेसातच्या सुमारास बेळगावातल्या गोवावेसच्या थांब्यावर खानापूरच्या बसची वाट पाहत असताना, आधार कार्ड घरीच राहिल्याचे माझ्या तीन वेळा लक्षात आले. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू झाल्यावर राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये महिलांना तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत, मात्र आपण याच राज्यात राहतो हे दाखवणारे ओळखपत्र वाहकापुढे धरावे लागते आणि ते जवळ नसेल तर तिकीट काढावे लागते. तिकिटाची रक्कम मोठी नव्हती. मनाला लागले ते वेगळेच. त्यांपैकी दोन वेळा मी आदल्या रात्री "उद्या कार्ड विसरायचे नाही" असे स्वतःला निक्षून बजावले होते आणि तरीही नेमके तेच घडले होते. ज्या गोष्टीचा निश्चय करावा तीच हातून निसटू लागली की माणूस स्वतःच्या बुद्धीवर संशय घेऊ लागतो, आणि घरातली माणसेही "वेंधळी" हा शब्द सहज वापरू लागतात. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या कितीतरी बायका आणि पुरुषही या त्रासातून जात असतात. त्यांच्यासाठी, मला जे उपाय लागू पडले ते कारणांसह येथे मांडते.

पहिली गोष्ट अशी की निश्चय वाढवून हा त्रास कमी होत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅनियल शॅक्टर यांनी १९९९ मध्ये स्मरणशक्तीच्या सात दोषांची मांडणी केली. तीत विसरभोळेपणाला त्यांनी काळाच्या ओघात आठवण पुसट होण्यापासून वेगळे काढले आहे, कारण येथे दोष बहुधा साठवणीत नसून लक्षात असतो. वस्तू ठेवताना किंवा काम करण्याच्या क्षणी लक्ष दुसरीकडे होते, म्हणून ती गोष्ट एक तर मनात नोंदलीच गेली नाही किंवा हव्या त्या क्षणी वर आली नाही. हे एकदा पटले की उपायाची दिशा बदलते. मनाला अधिक ताण देण्याऐवजी, लक्ष नसतानाही काम नीट होईल अशी जागा, खूण आणि क्रम ठरवून देणे हेच करायचे उरते.

आधी दोन आठवडे नोंद

कोणताही उपाय करण्यापूर्वी आपली विसरभूल कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते. त्यासाठी मी शंभर पानांची एक वही घेतली आणि दोन आठवडे प्रत्येक प्रसंग लिहून ठेवला. काय विसरले, त्याच्या लगेच आधी हातात काय होते, कोणी हाक मारली होती का, एवढेच लिहायचे असते. "लक्ष कुठे असते तुझे?" हा प्रश्न आपल्याकडे रागाने विचारला जातो, परंतु शांतपणे विचारला तर त्याच्याइतका उपयोगी प्रश्न दुसरा नाही. प्रत्येक नोंदीपुढे मी तोच लिहिला आणि त्याचे खरे उत्तर दिले. नोंद त्याच दिवशी करावी लागते, नाहीतर विसरल्याची आठवणही विसरून जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९७० च्या दशकात सामान्य लोकांना आपल्या रोजच्या चुकांची अशीच डायरी ठेवायला सांगितली होती, आणि या चुका नवख्या कामांपेक्षा हात सरावलेल्या कामांत, मन दुसऱ्या विचारात असताना, अधिक होतात असे त्यांना दिसले.

माझ्या वहीने आधार कार्डाचा उलगडा पाचव्या दिवशी केला. त्या महिन्यात मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ चालू होती आणि ज्या ज्या दिवशी कार्ड राहिले, त्या प्रत्येक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते कोणत्या ना कोणत्या अर्जासाठी पर्समधून बाहेर काढलेले होते. म्हणजे विसरण्याचा क्षण सकाळचा नव्हताच, तो संध्याकाळचा होता. मी मात्र सकाळच्या नावाने निश्चय करत होते. ज्या कप्प्यात कार्ड वर्षानुवर्षे असते तो कप्पा सकाळी उघडून पाहण्याचे कारणच नव्हते. नंतर मी कार्डाचे पाकीट पर्सच्या आतल्या कडीला गोंड्याच्या दोरीने बांधले आणि अर्जांसाठी कार्डाच्या पाच प्रती काढून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवल्या. मूळ कार्डच मागितले तर अख्खी पर्स टेबलावर न्यायची, कार्ड एकटे बाहेर पडू द्यायचे नाही. तेव्हापासून ते एकदाही घरी राहिलेले नाही.

"ठेवले कुठे?" असे रोज होत असेल तर

किल्ली, चष्मा, मोबाइल, पासबुक या वस्तू ठेवताना हात आपोआप काम करतो आणि मन पुढच्या गोष्टीकडे गेलेले असते. अशा वेळी "आठव, आठव" म्हणून डोक्याला हात लावून बसण्यात अर्थ नसतो, कारण जे नोंदलेच गेले नाही ते आठवणार कोठून? उपाय ठरावीक जागेचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, परंतु बहुतेकांची ठरावीक जागा टिकत नाही. याचे कारण असे की ती जागा दिसायला बरी असावी म्हणून निवडलेली असते आणि हाताच्या वाटेवर येत नाही. आमच्या घरी किल्ल्यांसाठी शोकेसमध्ये सुंदर पितळी वाटी ठेवलेली होती. तिच्यात किल्ली कधीच पडत नसे, कारण दारापासून शोकेसपर्यंत पोहोचण्याआधी मी चपला काढायची, भाजीची पिशवी खाली ठेवायची आणि सासूबाईंशी बोलायची. एवढ्या तीन कामांत किल्ली कोठेतरी विसावलेली असे.

म्हणून आठवडाभर मी फक्त पाहत राहिले की दार उघडल्यावर माझा हात आपणहून कोठे जातो. तो दाराच्या चौकटीच्या उजव्या अंगाला, विजेच्या बटणांकडे जात होता. मग बटणांच्या फळीच्या बरोबर खाली, खांद्याच्या उंचीवर मी एक खुंटी ठोकून घेतली. आता क्रम असा आहे: कुलूप उघडले की किल्ली मुठीत, दिवा लावण्यासाठी हात वर जातानाच किल्ली खुंटीला, त्यानंतर चपला. चपला पायात असेपर्यंत किल्ली हातात राहता कामा नये, एवढा एकच नियम आहे. बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत सोप्यातल्या प्रत्येक खुंटीला आणि भिंतीतल्या प्रत्येक देवळीला आपले आपले काम नेमून दिलेले असे. टोपी येथे, कंदील तेथे, काड्यांची पेटी देवळीत. वीज नसलेल्या अंधारातही हात तेथेच जाई. नव्या घरांच्या भिंती गुळगुळीत झाल्या आणि त्या नेमून दिलेल्या जागा गेल्या, याचे मला खरोखर वाईट वाटते.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर "मी येथे का आले" असे होण्याचा त्रास याच्याच जवळचा आहे. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दारातून पलीकडे गेल्यावर लोकांचे विसरणे वाढलेले आढळले होते. यावर हवी असलेली वस्तू मोठ्याने उच्चारत जावे: "कात्री, कात्री." पोहोचेपर्यंत शब्द ओठांवर राहतो आणि काम होते.

करायचे ठरवलेले राहून जात असेल तर

पुढच्या वेळेचे काम लक्षात ठेवणे हे सगळ्यात अवघड आहे, कारण त्या क्षणी आपल्याला आठवण करून देणारे समोर काहीच नसते. "चार वाजता फोन करायचा" हे घड्याळाच्या भरवशावर राहते आणि घड्याळाकडे आपण पाहतोच असे नाही. "चहाचा कप विसळून ठेवला की फोन करायचा" हे मात्र कपाच्या भरवशावर राहते आणि कप तर हातात येणारच असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी नेमक्या अशाच "जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन" या स्वरूपाच्या ठरावांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्याचे फलित मांडले. नुसत्या इच्छेपेक्षा प्रसंगाला बांधलेला ठराव अधिक वेळा पुरा होतो. मराठीत "जेव्हा" म्हटले की "तेव्हा" आपोआप येते, त्यामुळे आपल्याला हे वाक्य रचायला शिकावे लागत नाही. फक्त "जेव्हा"च्या पुढे ठोस, डोळ्यांना दिसणारा प्रसंग घालावा लागतो. "वेळ मिळेल तेव्हा" हा प्रसंग नव्हे.

आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, आणि येते तेव्हाही वेळ ठरलेली नसते. पाणी येणार म्हणून रात्री जागे राहणे आणि तरीही झोप लागून पाणी निघून जाणे हे कितीतरी घरांत होते. माझ्या सासूबाईंनी यावर जो उपाय फार पूर्वीपासून चालवला आहे, तो मला कोणत्याही पुस्तकातल्या उपायापेक्षा सरस वाटतो. पाणी येण्याच्या दिवशी झोपण्यापूर्वी त्या नळाची तोटी पूर्ण उघडी ठेवतात आणि खाली पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालतात. पाणी येण्याआधी नळातून हवा फुसफुसते, त्यावर त्या कूस बदलतात. आणि पहिली धार पत्र्यावर पडली की असा ताशा वाजतो की सगळे घर उठते. लक्षात ठेवण्याचे काम त्यांनी डोक्यावरून काढून डब्याला दिले आहे. आठवण करून देणारी वस्तू नेमकी कामाच्या क्षणी आणि कामाच्या जागी बोलली पाहिजे, हे या डब्याइतके स्पष्ट मला कोणी शिकवले नाही.

पदराला गाठ मारण्याची जुनी रीतही येथे तपासून पाहण्यासारखी आहे. "खूणगाठ" हा शब्द तिच्यातूनच आपल्या भाषेत रुळला. नऊवारी नेसणाऱ्या बाईचा हात दिवसातून पन्नास वेळा पदराकडे जात असे, म्हणून गाठ हाताला लागत असे. आज रुमालाला गाठ मारून तो पर्समध्ये टाकला तर हात तेथे जात नाही. शिवाय गाठ "काहीतरी आहे" एवढेच सांगते, काय आहे ते सांगत नाही. त्यामुळे खूण करायची तर तीच वस्तू वाटेत ठेवावी: परत करायचे पुस्तक चपलेवर, शिंप्याकडे द्यायचे कापड दाराच्या कडीला.

मोबाइलच्या गजराबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. गजर वाजतो तेव्हा आपण बहुधा पोळ्या लाटत असतो किंवा रस्त्यात असतो. "आता करते" म्हणून बोट फिरवून तो बंद होतो आणि त्याच क्षणी काम डोक्यातून जाते. गजर लावायचाच असेल तर काम लगेच करता येईल अशाच वेळेचा लावावा, आणि काम पुरे होईपर्यंत तो बंद करू नये.

मुख्य काम झाले, पण शेपूट राहिले

माझ्या वहीतील निम्म्याहून अधिक नोंदी या एकाच जातीच्या निघाल्या. झेरॉक्सच्या दुकानात प्रती हातात आल्या, पैसे दिले आणि मूळ कागद यंत्राच्या झाकणाखाली काचेवरच राहिला. दूध तापले, पातेले उतरवले आणि बर्नर मंद आचेवर चालूच राहिला. गच्चीवरची टाकी भरावी म्हणून मोटर सुरू केली आणि पाणी शेजारच्या अंगणात वाहू लागेपर्यंत ती चालूच राहिली. सीमाभागात राहणाऱ्यांना झेरॉक्सचा प्रसंग तर वारंवार येतो. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, मुलांचे दाखले मराठी शाळेचे, एखादे काम कोल्हापूरला, एखादे बेळगावला, त्यामुळे मूळ कागद घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढणे सतत चालू असते. आमच्या एका नातेवाइकांचा वारसाचा मूळ कागद असाच राहिला आणि तो परत मिळेपर्यंत दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

असे होण्याचे कारण कामाच्या रचनेत आहे. ज्या हेतूने आपण काम हाती घेतो तो हेतू पुरा झाला की मन ते काम संपल्याचे ठरवते, आणि हेतू पुरा झाल्यानंतर उरलेली पायरी अनाथ होते. दुकानात आपण प्रतींसाठी जातो, मूळ कागद परत घेण्यासाठी जात नाही. एटीएमच्या बाबतीत हीच अडचण ओळखून अनेक देशांतील यंत्रांत असा क्रम ठेवला जातो की कार्ड आधी बाहेर येते आणि ते काढून घेतल्याशिवाय नोटा मिळत नाहीत. माणसाला "कार्ड विसरू नका" असे बजावण्यापेक्षा शेपूट हेतूच्या आधी आणून बसवणे अधिक उपयोगी पडते.

घरच्या कामांतही हेच करता येते. झेरॉक्सच्या दुकानात मी पैशांचे पाकीट आणि मूळ कागदाची फाइल एकत्र ठेवते, आणि फाइलमध्ये मूळ कागद परत गेल्याशिवाय त्या फाइलमधून पैसे बाहेर काढत नाही. पैसे दिल्याशिवाय दुकानातून निघता येत नाही, त्यामुळे मूळ कागदाची पायरी आता मध्येच येते, शेवटी राहत नाही. दूध तापवताना आधी बर्नर बंद करायचा आणि मगच सांडशीला हात लावायचा, हा क्रम आम्ही घरातील सर्वांनी ठरवून घेतला. सांडशीच मी बर्नरच्या बटणांसमोर आडवी ठेवते, म्हणजे तिला हात घालताना बटण नजरेसमोर येतेच. दूध गॅसवर असताना स्वयंपाकघराबाहेर जावेच लागले तर पळी हातात घेऊन जावी. दारात आलेल्या माणसाशी बोलताना हातातील पळी परकी वाटत राहते आणि तीच मागे बोलावून आणते.

मोटरसाठी केलेली व्यवस्था थोडी सविस्तर सांगते, कारण ती अनेकांना लागू पडेल. मोटरच्या बटणाशेजारी खिळ्याला एक जाड लाल रबरी कडे अडकवलेले आहे. जो मोटर सुरू करील त्याने ते कडे मनगटात घालायचे, आणि मोटर बंद केल्यावरच परत खिळ्याला लावायचे. कडे किंचित घट्ट आहे, ते बांगड्यांसारखे सवयीचे होत नाही, हाताला जाणवत राहते. शिवाय कोणी मोटर सुरू केली हे घरात सर्वांना दिसते. एकदा मुलगा खेळायला म्हणून फाटकापर्यंत गेला, सायकलच्या दांड्यावर हात ठेवताच त्याला मनगटातील लाल कडे दिसले आणि तो मागे फिरला. त्या वेळी टाकी भरायला दोन बोटे उरली होती.

"केले की नाही?" अशी शंका येत असेल तर

कुलूप लावले की नाही, गोळी घेतली की नाही, ही शंका रोज सारख्याच रीतीने होणाऱ्या कामांबद्दल येते. कालची गोळी, परवाची गोळी आणि आजची गोळी यांच्या आठवणी एकमेकींसारख्या असल्याने मनाला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. माझ्या सासूबाई रक्तदाबाची गोळी घेतात आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने विचारतात, "सकाळची गोळी घेतलो काय मी?" पूर्वी मी "घेतली असेल की" असे म्हणत असे, आणि ते उत्तर धोक्याचे होते. आता वारांची नावे असलेली सात खणांची डबी रविवारी रात्री भरली जाते. खण रिकामा दिसला म्हणजे गोळी घेतली, भरलेला दिसला म्हणजे राहिली; आठवणीला विचारण्याचे कारणच उरले नाही. डबी नसेल तर गोळ्यांच्या पट्टीच्या मागील बाजूस बॉलपेनने तारखा लिहून ठेवाव्यात. एक गोळी चुकली तर पुढे काय करायचे, हे प्रत्येक औषधाबाबत वेगळे असते, म्हणून ते डॉक्टरांना आधीच विचारून डबीच्या झाकणावर चिकटवून ठेवावे आणि शंकेच्या भरात दुसरी गोळी कधीही घेऊ नये.

कुलपासाठी बोलून करण्याची सवय उपयोगी पडली. जपानच्या रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये घेतलेल्या चाचणीत या पद्धतीने चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. आपल्या मिरज ते लोंढा मार्गावरील गाड्यांच्या इंजिनातही चालक आणि सहचालक समोरच्या सिग्नलचा रंग एकमेकांना उच्चारून सांगतात. मी कुलूप ओढून पाहते आणि "मंगळवार, कुलूप लागले" असे ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणते. वाराचे नाव घालणे महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे आजचे कुलूप कालच्या कुलपापासून वेगळे पडते. वाटेतल्या पिरनवाडीपर्यंत बस पोहोचल्यावर मन शंका काढू लागले तर तो आवाज आठवतो.

छत्रीबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात ती बसमध्येच राहते, कारण ओली छत्री बॅगेत न जाता सीटच्या कडेला उभी केली जाते. बॅगेत एक प्लास्टिकची लांब पिशवी कायम ठेवावी आणि छत्री मिटल्यावर तिच्यातच सरकवावी. उतरताना उठून एकदा सीटकडे वळून पाहावे.

सवय बसायला किती दिवस लागतात?

२१ दिवसांत सवय लागते असे सर्वत्र सांगितले जाते आणि बाविसाव्या दिवशी विसरले की लोक खचून उपाय सोडून देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी नवी कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात आणि माणसागणिक, कामागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो, असे त्यात दिसले. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात आढळले, आणि मला ही बाब सर्वात धीर देणारी वाटते. माझी खुंटीची सवय महिन्याभरात लागली. बर्नर आधी आणि सांडशी नंतर या क्रमाला तीन महिने लागले, कारण तेथे जुनी सवय मोडायची होती.

एका वेळी एकच सवय घ्यावी. नवी सवय ज्या जुन्या कामाला जोडायची ते काम रोज होणारे असावे. मी सुरुवातीला पर्सची तपासणी डबा भरण्याला जोडली होती, तेव्हा सुट्टीच्या दिवशी डबा नसल्याने तपासणीही होत नसे आणि रविवारी बाजारात गेल्यावर पाकीट नसल्याचे कळे. ती तपासणी केस विंचरण्याला जोडल्यावर हा प्रश्न सुटला. घरच्या माणसांना एवढीच विनंती आहे की विसरणाऱ्याला नाव ठेवण्याऐवजी वस्तू तिच्या ठरलेल्या जागेवरून हलवू नये. धास्तावलेले मन आणखी विसरते.

सवयीने न सुटणारी विसरभूल

रोजच्या विसरभोळेपणाच्या मागे कधी कधी शरीराचे कारण असते. झोप अपुरी असणे, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती विशेष पाहावी), थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ, सर्दीवरची झोप आणणारी काही औषधे, यांपैकी कशानेही लक्ष विरळ होते. रक्ताच्या साध्या तपासणीत यातील काही गोष्टी कळतात आणि त्यांवर उपचार आहेत. लहानपणापासूनच वस्तू हरवणे, कामे अर्धवट राहणे असे सतत चालत आले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा मानू नये. परंतु ओळखीच्या रस्त्यावर वाट न सापडणे, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा पैशांचा व्यवहार न जमणे, अशी लक्षणे वयस्कर माणसात दिसली तर वही आणि खुंटी यांवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. अचानक गोंधळणे आणि त्याबरोबर बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे असे दिसले, तर त्याच मिनिटाला रुग्णालय गाठावे.

सारे सुरळीत झाल्यावर त्रास परत आला तर

असे होतेच, आणि जवळजवळ नेहमी साखळीतील एखादी कडी जागेवरून हललेली असते. गणपतीच्या आधी आमच्या घराला रंग दिला. रंगाऱ्यांनी भिंत घासताना दाराजवळची खुंटी काढून बाजूला ठेवली आणि रंग वाळल्यावर ती पुन्हा लावायचे राहून गेले. त्या आठवड्यात मी दोनदा किल्ली हरवली, एकदा दूध उतू गेले आणि एकदा शाळेत चष्म्याची डबी रिकामीच नेली. खुंटीचा दुधाशी किंवा चष्म्याशी संबंध काय, असा प्रश्न मलाही पडला. वही उघडून चार दिवस नोंदी केल्यावर दिसले की दारात किल्ली ठेवायला जागा न मिळाल्याने मी ती हातात घेऊनच स्वयंपाकघरात जात होते, दूध गॅसवर ठेवून किल्ली ठेवायला परत बाहेर येत होते, आणि सकाळी ती शोधण्यात पर्स तपासण्याचा वेळ निघून जात होता. एका खुंटीमागे पुढच्या तीन कामांचा क्रम उभा होता.

यजमानांनी ड्रिल मशीन आणले तेव्हा नव्या रंगावर भोक नको, खुंटी थोडी बाजूला, कॅलेंडरच्या आड लावू, असे त्यांचे म्हणणे पडले. मी अंधारात दार उघडून, दिवा लावण्यासाठी हात वर नेऊन, मूठ जेथे थांबली तेथे पेन्सिलने खूण केली. ती खूण जुन्या भोकापासून बोटभर अंतरावर आली. खुंटी तेथेच लागली.